उभे राहण्याची अवजारे

निबंधात स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून घेण्याची खोड जुन्या मराठी निबंधकारांची. वर्गात शिकवताना आम्ही तिची यथेच्छ थट्टा केलेली आहे. परंतु 2004 च्या जूनपासून हे अनेकवचन आम्हांला अगदी शब्दशः लागू पडते. ‘आम्ही’ म्हणजे कमरेच्या वर राहणारा एक मराठीचा अध्यापक आणि कमरेच्या खाली राहणारे त्याचे दोन पाय. तिघांचे एकत्र कुटुंब आहे, चूलही एकच आहे, फक्त बोलचाल बंद आहे. वरच्या मजल्यावरून पाठवलेला निरोप खाली पोचत नाही आणि खाली काय दुखले-खुपले त्याची खबर वर येत नाही. अशा स्थितीत ‘मी उठलो’, ‘मी बसलो’ असे लिहिणे व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी वस्तुस्थितीला धरून नाही. म्हणून ‘आम्ही’. वाचकांनी त्यात मोठेपणाचा आव शोधू नये.

पडण्याची हकीकत सांगण्यासारखी नाही. पावसाळ्याआधी गळक्या गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरायला चढलो, पहिल्याच सरीने शेवाळ ओले झाले आणि आम्ही अंगणातल्या धुण्याच्या दगडाशेजारी येऊन पडलो. पाठीचा दहावा मणका मोडला. डॉक्टर मंडळी त्याला ‘डी-टेन’ म्हणतात. बेंबीपासून खालचा सगळा मुलूख त्या क्षणी आमच्या राज्यातून गेला. शस्त्रक्रिया झाली, पाठीत सळ्या बसल्या, आणि सहा आठवड्यांनी चाकाच्या स्ट्रेचरवरून आम्हांला जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयातील व्यायामोपचार विभागात नेण्यात आले.

तो दालनाचा पहिला देखावा आम्ही विसरू शकत नाही. एका कोपऱ्यात लोखंडी जाळीचा मोठा पिंजरा होता आणि त्याच्या छताला दोऱ्या, स्प्रिंगा, कापडी झोळ्या टांगलेल्या होत्या. भिंतीवर लाकडी चाक, खांद्याच्या व्यायामासाठी. पलीकडे पाय लोंबकळत ठेवून बसायची उंच खुर्ची, तिच्या दांड्यांना वजनाच्या चकत्या. जमिनीवर वाळूच्या पिशव्या, अर्ध्या किलोपासून पाच किलोपर्यंत, वाण्याच्या दुकानासारख्या ओळीने मांडलेल्या. एक सायकल, जिला चाके होती पण जी कुठे जात नव्हती. आणि मधोमध, सगळ्या दालनाचे आराध्यदैवत असावे अशा थाटात, दोन समांतर लोखंडी दांडे. त्यांच्या टोकाला माणूसभर उंचीचा आरसा. त्या पिंजऱ्याला गथ्री-स्मिथ नावाच्या इंग्रज बाईंचे नाव आहे हे पुढे कळले. त्या दिवशी मात्र आम्हांला तो खाटकाच्या दुकानाचा सांगाडा वाटला आणि त्यात टांगायला आपले पाय अगदी योग्य आहेत असेही वाटले.

पण सुरुवात पिंजऱ्यापासून होत नाही. सुरुवात होते ती कलत्या टेबलापासून. माणसाला त्यावर आडवे निजवतात, छाती, कंबर आणि गुडघे यांवर पट्टे आवळतात, आणि टेबल हळूहळू उभे करतात. पहिल्या दिवशी तीस अंश. एवढ्यात आमच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानांत झांजा वाजू लागल्या, आणि आम्ही बेशुद्ध झालो. उभे राहणे ही किती गुंतागुंतीची गोष्ट आहे हे चौतीस वर्षांच्या आयुष्यात आम्हांला कोणी सांगितले नव्हते. उभे राहताच रक्त पायांकडे धावते. निरोगी शरीर तत्काळ तिथल्या रक्तवाहिन्या आवळून ते वर ढकलते. मणक्यातला निरोप तुटला की ही व्यवस्थाही ढिली पडते. तीसचे पंचेचाळीस व्हायला आठ दिवस लागले, पंचेचाळीसचे साठ व्हायला आणखी दहा. लहानपणी भूमितीच्या तासाला कोनमापकाने कधी एवढी दहशत घातली नव्हती.

आमच्यावर उपचार करणारी मुलगी नुकतीच पदवी घेऊन आलेली होती. ती रोज म्हणायची, “चला सर, आपण आता उभं राहू या.” मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो सामील असतो. इंग्रजीत ही सोय नाही, हे आम्ही दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला सांगत असू. या मुलीचे ‘आपण’ मात्र आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात बसत नव्हते. उभी ती आधीपासूनच होती. उभे राहायचे होते ते आम्ही एकट्याने. तरीही ती खोटे बोलत नव्हती. समांतर दांड्यांमध्ये गुडघ्यांना मागून पट्ट्या बांधून आम्ही पहिल्यांदा उभे राहिलो, तेव्हा आमच्या कमरेचा पट्टा तिच्या मुठीत होता, तिचा गुडघा आमच्या गुडघ्याला टेकलेला होता, आणि आमच्याइतकाच घाम तिलाही आला होता. आरशात दोघांचे मिळून एकच काहीतरी डुगडुगताना दिसत होते.

याच सुमारास पायांनी एक कावा केला. एके सकाळी आई पायाला तेल लावत असताना डावा पाय एकदम उडाला आणि अंगठा वर आला. आई ओरडलीच, “हलला! बघ, हलला!” शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनी हात जोडले. तो होता ताठरपणाचा झटका. मेंदूशी संबंध तुटला तरी मणक्याचा खालचा भाग जिवंत असतो. पायाला काही लागले, मूत्राशय भरले, किंवा नुसती चादर घासली, तरी तो परस्पर पायाला हुकूम देतो. डॉक्टरांनी हे आईला दोनदा समजावले. समीक्षेच्या तासाला आम्ही मुलांना बजावत असू की कृतीत दिसणारा अर्थ आणि कर्त्याचा हेतू यांची गल्लत करू नये. येथे तर कर्ताच नव्हता. पण आईने तो अंगठा वाचला तो वाचलाच, आणि आपला अन्वयार्थ शेवटपर्यंत बदलला नाही.

या यंत्रांचा इतिहास आम्ही नंतर सवडीने वाचला, कारण सवड विपुल होती. गुस्ताफ झांडर नावाच्या स्वीडिश वैद्याने 1865 साली स्टॉकहोममध्ये संस्था काढली आणि प्रत्येक स्नायूसाठी, प्रत्येक हालचालीसाठी वेगळे यंत्र बनवले. काही रोग्याने चालवायची, काही वाफेच्या इंजिनाने रोग्यालाच चालवणारी. आज शहरोशहरी धट्टीकट्टी माणसे मासिक वर्गणी भरून ज्या तरफा ओढतात त्यांचे पणजोबा तेथे भेटतात. गंमत एवढीच की झांडरच्या काळी, किंबहुना त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षे, आमच्यासारख्यांसाठी यंत्राचा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. मणका तुटलेला माणूस यंत्रापर्यंत पोचण्याआधीच शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरत असे. यात खरा पालट झाला तो 1944 साली इंग्लंडमधील स्टोक मॅंडेविल येथे. नाझी जर्मनीतून 1939 साली परागंदा झालेले ज्यू मज्जातंतुवैद्य लुडविग गुटमन यांच्याकडे तेथील पक्षाघाती सैनिकांचा विभाग सोपवण्यात आला. त्यांनी पहिली सुधारणा केली ती कोणत्याही यंत्राची नव्हती. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रोग्याची कूस बदलायची, एवढाच तो नियम. जगातल्या सगळ्या पुनर्वसनाचा पाया असा कूस बदलण्यावर उभा आहे. पुढे 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत असतानाच, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा पक्षाघाती माजी सैनिकांची, त्यांत दोन स्त्रिया होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचा उगम तो. धनुर्विद्या हा केवळ खेळ नव्हता. धनुष्य ओढताना खांदे आणि पाठ कामाला लागतात आणि बसलेल्या माणसाचा तोल सुधारतो. धनुष्य हे व्यायामाचेच साधन होते. अशीच गोष्ट आपल्या मुरलीकांत पेटकरांची. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे हे जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन बाहेर आले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळायला 2018 उजाडले, ही गोष्ट वेगळी.

‘पुनर्वसन’ हा शब्दही तसा विचित्रच. आमच्या भागात तो धरणग्रस्तांचा शब्द आहे. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेले, त्याचे पुनर्वसन. वसन म्हणजे राहणे. स्वतःच्याच शरीरात पुन्हा राहायला जाणे, असा त्याचा अर्थ आम्ही लावला. धरणग्रस्तांप्रमाणेच येथेही मिळणारी जमीन पूर्वीच्या जमिनीच्या मोबदल्यातली असते, पूर्वीची नसते.

घरी आल्यावर आईने पहिले काम केले ते फॅब्रिकेटरला बोलावण्याचे. दीड इंची पाण्याचे पाइप, बारा फूट लांब, दोहोंत दोन फुटांचे अंतर. उंची ठरवताना त्याने आम्हांला उभे धरून, कोपर किंचित वाकेल अशा बेताने खडूने खूण केली, खिडकीचे गज बसवताना करतात तशी. मागच्या पडवीची फरशी फोडून खांब सिमेंटात गाडले. आरसा बसवला तो वडिलांच्या लग्नातल्या कपाटाचा. सुताराने सागवानी उभी चौकट करून दिली. तिच्यात टाचांमागे पट्टी, गुडघ्यांपुढे गादी, कमरेमागे पट्टा, पुढे पोटाशी फळी. त्या फळीवर वही ठेवून आम्ही पुढे कितीतरी उत्तरपत्रिका उभ्याने तपासल्या. विद्यार्थ्यांना याचा फायदा झाला की तोटा, सांगवत नाही.

आणि मग कॅलिपर आले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. बुटापासून मांडीच्या वरपर्यंत पायाच्या दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या, मांडीला व पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्यावर चामड्याची टोपी, आणि गुडघ्याच्या सांध्याशी एक खटका. उभे राहिले की धातूची कडी घसरून खाली पडते, ‘खट्’ असा आवाज होतो आणि गुडघा पक्का होतो. बसायचे तर ती कडी हाताने वर उचलायची. दोन्ही मिळून साडेचार किलो वजन. घालायला वीस मिनिटे. मग दोन्ही कुबड्या पुढे टाकायच्या, दंडांवर सगळे शरीर उचलायचे आणि दोन्ही पाय एकत्र पुढे झोकायचे, घड्याळाच्या लंबकासारखे. पायांनी चालायचे ते खांद्यांनी चालणे. निरोगी माणूस चालताना जी शक्ती खर्चतो तिच्या कित्येक पट यात जाते आणि वेग निम्माही मिळत नाही.

कॉलेजात पुन्हा रुजू झालो तो दिवस आईने पंचांग बघून ठरवला होता. रिक्षातून उतरून आम्ही कॅलिपरवर उभे राहिलो. फाटकापासून तळमजल्यावरच्या वर्गापर्यंत सुमारे दोनशे फूट. मुले दुतर्फा उभी होती, कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. आई फाटकाशी पदराने डोळे पुसत होती. वर्गात पोचायला सव्वीस मिनिटे लागली. टेबलाला टेकून उभे राहिलो तेव्हा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता, हात थरथरत होते, आणि शिकवायचे काय होते ते आठवत नव्हते. उरलेल्या वेळात आम्ही हजेरी घेतली. एवढेच.

असे आम्ही चार महिने केले. चार महिने आमचे विद्यार्थी एका माणसाचे चालणे पाहत होते आणि मराठी कोणीच शिकत नव्हते. खांदे रात्री ठणकत. शेवटी एका सोमवारी आम्ही चाकाच्या खुर्चीतून कॉलेजात गेलो. दोनशे फुटांना दोन मिनिटे लागली आणि अठ्ठावन्न मिनिटांचा तास अठ्ठावन्न मिनिटे घेतला. घरी परतल्यावर आईने विचारले, “आज कसा गेलास?” आम्ही सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे हरलास.” आम्ही काहीतरी कठोर उत्तर दिले. ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्यानंतर आठवडाभर स्वयंपाकघरातून निरोप वहिनींमार्फत येत.

तिचा दोष नव्हता. तिच्या भाषेत, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या भाषेत, मुलगा मिळवता झाला म्हणजे ‘स्वतःच्या पायांवर उभा राहिला’. पाठिंब्यावर तगलेल्या सरकारला आपण ‘कुबड्या’ देतो, कोलमडलेली अर्थव्यवस्था ‘पंगू’ म्हणतो, आणि ईश्वराची थोरवी सांगायची तर पंगूला डोंगर ओलांडायला लावतो. त्या सुप्रसिद्ध श्लोकातल्या पंगूला डोंगरापलीकडे काही काम होते का, हे कोणी विचारलेले नाही. हिंदी सिनेमात तर खुर्चीतला माणूस शेवटच्या रिळात कोणाचा तरी जीव वाचवण्यासाठी उठतोच. तो सहा महिने कलत्या टेबलावर होता, त्याला वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या, असे काही दाखवत नाहीत. कथा-कादंबऱ्यांतही अधूपणा बहुधा दुसऱ्याच कशाचे तरी प्रतीक म्हणून येतो. अवजारे येत नाहीत. म्हणून नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे ‘चाकाची खुर्ची’ हे नाव आम्हांला मोलाचे वाटते. कोल्हापुरात राहून शेकडो अपंगांचे संसार मार्गी लावणाऱ्या या बाईंना पुस्तकासाठी ‘झेप’, ‘जिद्द’, ‘भरारी’ असली नावे सहज सुचली असती. त्यांनी वस्तूचे नाव दिले. मराठीच्या विद्यार्थ्यांनी शीर्षकांवर टिपण लिहायचे ठरवले तर येथून सुरुवात करावी. घडी घालता येणारी आणि गाडीत टाकता येणारी आपल्या परिचयाची खुर्चीही 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हरेस्ट या खाणीत जायबंदी झालेल्या अभियंत्याने आपला मित्र हॅरी जेनिंग्ज याच्या साहाय्याने घडवली. वापरणारा आणि घडवणारा एकच असला की वस्तूला शहाणपण येते.

आईने हार मानली नाही. तिने वर्तमानपत्रातली कात्रणे जमवायला सुरुवात केली. नॅन डेव्हिस नावाची अमेरिकन मुलगी 1983 साली विजेच्या झटक्यांनी स्नायू आकुंचित करून पदवीदान समारंभात चालली, ही जुनी बातमी तिने कुठल्याशा पुरवणीतून शोधून काढली होती. 12 जून 2014 रोजी फुटबॉलच्या विश्वचषकाच्या उद्घाटनात, साओ पाउलोत, मेंदूच्या लहरींवर चालणारा यांत्रिक सांगाडा घातलेल्या ज्युलियानो पिंटोने चेंडूला लाथ मारली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य काही सेकंदच दिसले. आईने त्याच्याविषयी आम्हांला महिनाभर प्रश्न विचारले. 2018 साली लोझानच्या शास्त्रज्ञांनी मणक्यात विद्युत्प्रवाह सोडून तिघांना पावले टाकायला लावली, तेही कात्रण तिच्या डब्यात आहे. आम्ही तिला समजावत असू की त्या तिघांच्या मज्जारज्जूतले काही धागे शाबूत होते, आमचे तसे नाही. ती म्हणे, “तुला काय ठाऊक आत काय शाबूत आहे ते?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि नाही.

कॉलेजनेही आमच्यासाठी काही केले हे नमूद करायला हवे. मूल्यांकन समिती येणार म्हणून पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार बांधण्यात आला. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हा साधा हिशेब. आमचा उतार दोन फुटांना आठ फुटांचा होता. वर जाताना दोन शिपाई ढकलत आणि खाली येताना तेच दोघे मागे ओढत. समितीने छायाचित्र काढले. असो.

आजही आम्ही रोज सकाळी पाऊण तास उभे राहतो. चालण्यासाठी नव्हे. उभे राहिल्याने आमचे पाय दिवसभर कमी उडतात, घोटे आखडत नाहीत, पोट साफ राहते. नंतर विजेवर चालणाऱ्या सायकलीला पाय बांधतो. मोटर ते फिरवते. मध्येच ताठरपणाचा झटका आला तर यंत्र थांबते, थोडे थांबून उलट्या दिशेने फिरू लागते. तिच्याइतका समंजसपणा आम्हांला आईशी बोलताना दाखवता आला असता तर बरे झाले असते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर शरीर उचलून बैठक मोकळी करायची, हे तर आता व्याख्यान देतानाही होऊन जाते. नवीन मुलांना वाटते, सर आवेशात आले.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. कोयता, विळी, पाना, वडिलांची करवत, वहिनींचे शिवणयंत्र. कॅलिपर माळ्यावर गेल्यानंतरही आई दरवर्षी ते खाली उतरवून घ्यायची, खटक्यांना शिवणयंत्राचे तेल सोडायची, चामड्याला खोबरेल लावायची आणि कोयत्याशेजारी मांडून झेंडूची फुले वाहायची. खुर्चीला तिने कधी फूल वाहिले नाही. मात्र 2019 च्या खंडेनवमीला, गुडघ्यांनी तिलाच जागी बसवले होते तेव्हा, तिने आम्हांला हाक मारली आणि म्हणाली, “ती तुझी गाडी पुढं घे जरा.” चाकाला हळद-कुंकू लावून ती कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून बसली होती. त्याच पौषात ती गेली.

गेल्या वर्षी शेजारच्या गावातून एक गृहस्थ आले. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीच्या कामावर क्रेनवरून पडला होता, मणका बारावा. आमच्याकडे चालण्याचे दांडे आहेत असे त्यांच्या कानावर आले होते. आम्ही ते वीस वर्षांत चार महिने वापरले. नंतर त्यांवर गोधड्या वाळत. माणसे आली, छिन्नीने सिमेंट फोडून खांब उपटले, टेम्पोत चढवले. आरसाही दिला. कॅलिपर त्यांनी हातात घेऊन पाहिले, पण ते पायाच्या मापाचे असतात, एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. ते पुन्हा माळ्यावर गेले.

टेम्पोशी उभे राहून ते गृहस्थ म्हणाले, “सर, पोरगं चालंल ना?”

आम्ही त्यांना सांगितले की दांडे बसवताना मुलाला उभा धरून, कोपर वाकवून माप घ्या. त्याआधी बसायची चांगली उशी आणा, हवेची. पैसे आधी तिच्यावर घाला. रात्री दर दोन तासांनी कूस बदला, गजर लावून. आणि आठवड्यातून एकदा त्याला इकडे घेऊन या, आपण बघू.

‘आपण’ म्हटल्याचे टेम्पो वळणावर गेल्यावर लक्षात आले. पडवीत चार भोके राहिली होती. दुपारी गवंड्याला बोलावून ती बुजवून घेतली.